रिपोर्टातला 'कॉलम' म्हणजे कणा नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे, सव्वीस वर्षं हेच काम करतोय, डॉक्टरकीचं काही शिक्षण नाही. तरी हे पत्र शरीरातल्या खांबांबद्दल आहे. कारण आमच्या घरात एका शब्दाचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि त्यात आईचे सहा आठवडे वाया गेले, आणि तो शब्द रोज कुणाच्या ना कुणाच्या रिपोर्टात असतो. शब्द म्हणजे 'कॉलम'.

आई एकाहत्तर वर्षांची. गेल्या पावसाळ्याच्या सुरवातीला तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या, दोन्ही पायांना सारख्याच. शुगर आहे तिला, बारा-तेरा वर्षं मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे, त्यामुळे आम्ही म्हटलं शुगरचंच असणार. मग न्हाणीघरात तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तिचा तोल जायला लागला. दोनदा भिंतीला धरलं म्हणून वाचली. रात्री लाइट गेली की ती जिथं बसली असेल तिथंच बसून राहायची, उठायचीच नाही. विचारलं तर म्हणायची, "पांयांक जमीन कळना रे." पाठ दुखतेय असं ती एकदाही म्हणाली नव्हती. हे मला आज आठवतं तेव्हा फार लागतं, कारण आम्ही उपचार केले ते पाठीवरच.

डॉक्टरांनी मानेचा एमआरआय करायला सांगितला, रिपोर्ट हातात आला तो सगळा इंग्लिशमध्ये, आणि डॉक्टर बाहेरगावी गेलेले, त्यांची तारीख तीन आठवड्यांनंतरची. मी रिपोर्ट वाचला. बाकी काही कळलं नाही पण एका ओळीत 'डोर्सल कॉलम्स' असं होतं आणि तिथं सिग्नल बदललाय असं लिहिलेलं. आता कॉलम हा शब्द मला कोण शिकवणार, माझा दिवसच कॉलमच्या फुटिंगपासून सुरू होतो. डोर्सल म्हणजे पाठीकडचा हे मोबाइलवर बघितलं. पाठीकडचा कॉलम म्हणजे पाठीचा कणा, झालं, हिशेब जुळला.

आणि तो जुळायला आणखी एक कारण होतं. काही वर्षांपूर्वी आमच्या साइटवर एक कामगार परांचीवरून खाली आला, नशिबाने रेतीच्या ढिगावर. तेव्हा हाडाच्या डॉक्टरांनी मला एक्सरे उजेडावर धरून दाखवला होता आणि म्हणाले होते, तीनपैकी एकच कॉलम गेलाय, ऑपरेशनची गरज नाही, बेल्टवर बरा होईल. तो बरा झालाही. डेनिस नावाच्या सर्जनने १९८३ साली ही पद्धत मांडली, कंबरेच्या नि त्याच्या वरच्या भागातल्या मणक्यांसाठी. मणक्याचा पुढचा अर्धा भाग हा पहिला कॉलम, मागचा अर्धा हा मधला, आणि त्याच्याही मागची कमान नि सांधे हा तिसरा. एक मोडला तर बहुतेक वेळा निभावतं, दोन मोडले की कणा डळमळीत समजायचा. हे मला इतकं पटलं होतं की डोक्यात पक्कं बसलं, डॉक्टर कॉलम म्हणाले की ते हाडाबद्दल बोलतायत.

तर आईसाठी मी तोच बेल्ट आणला. फळीवर झोपवलं. तेल लावून चोळणारा एकजण घरी यायला लागला, त्याने एकवीस दिवसांचा कोर्स सांगितला म्हणून आम्ही डॉक्टरांची तारीखसुद्धा पुढे ढकलली. त्याच दिवसांत एका पेपरच्या आरोग्य पुरवणीत लेख आला होता, त्यातही 'डोर्सल कॉलम म्हणजेच पाठीचा कणा' असं छापलेलं, ते कात्रण शेजारच्या काकांनी मुद्दाम आणून दिलं. पेपरचं नाव घेत नाही, लिहिणाऱ्याने चांगल्याच हेतूने लिहिलं असणार. पण आमची खात्री आणखी घट्ट झाली.

मुलगी फिजिओथेरपी शिकते, हॉस्टेलवर असते. चवथीला घरी आली, माटोळी बांधून झाल्यावर तिने आजीचा रिपोर्ट मागितला, वाचला आणि म्हणाली, "बाबा, हा कणा नव्हे. ह्याचा हाडाशी संबंधच नाही."

मग तिने स्वयंपाकघरातच आजीला उभं केलं. पाय जुळवून. डोळे उघडे होते तोवर आई ठीक उभी होती, डोळे मिट म्हटल्याबरोबर ती अशी डोलायला लागली की मी धावलो, पण पोरगी आधीच मागे हात पसरून उभी होती. मग आईला खुर्चीवर बसवून डोळे मिटायला सांगितले, पायाचा अंगठा दोन बोटांनी बाजूने धरला नि हळूच वर केला, विचारलं, आजी, वर गेला की खाली? आई म्हणाली खाली. पुन्हा केला, पुन्हा चुकलं. तिच्या बॅगेत ट्यूनिंग फोर्क होता, तो तळहातावर आपटून घोट्याच्या हाडावर टेकवला. विचारलं, आजी, थरथर कळते? आई म्हणाली, "किदें थरथर?" तोच फोर्क हाताच्या मनगटावर टेकवला तर आईने दचकून हात मागे घेतला.

एवढं बघून मला कळलं की बेल्टचा इथं काही उपयोग नव्हता.

ती मला समजवायला लागली तेव्हा टेबलावर तुमचाच पेपर पडला होता. तिने त्यावर बोट ठेवलं. म्हणाली, बाबा, ह्या पानावर किती कॉलम आहेत? मी म्हटलं आठ. मग हे कॉलम कुणाचं ओझं घेतात? कुणाचंच नाही, वरून खाली जाणारा मजकुराचा उभा पट्टा, म्हणून कॉलम. मज्जारज्जूत पण तसंच आहे, म्हणाली. मज्जारज्जू, शाळेच्या पुस्तकात त्याला मेरुरज्जू म्हणतात, तो कण्याच्या पोकळीतून खाली जातो, आणि त्याच्या मागच्या बाजूने मज्जातंतूंचे उभे पट्टे वर मेंदूकडे जातात. पाय कुठं आहे, अंगठा कुठल्या बाजूला वळलाय, खाली जमीन आहे की नाही, थरथर होतेय का, ही सगळी खबर त्या पट्ट्यांतून वर जाते. ते पट्टे म्हणजे डोर्सल कॉलम. ते बिघडले की डोळ्यांनी बघून माणूस तोल सांभाळतो, म्हणून डोळे मिटले की पडतो, अंधारात पडतो. आई तिच्या भाषेत हेच सांगत होती दोन महिने, पांयांक जमीन कळना म्हणून.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. बी-१२ हे व्हिटॅमिन फारच कमी निघालं, ते कमी पडलं की हेच पट्टे बिघडतात. बापू गेल्यानंतर आईने माळ घातली, तेव्हापासून मासे बंद, अंडं बंद, दूध तिला लहानपणापासून नकोच, आणि वरून मेटफॉर्मिनची गोळी. ती वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं हे डॉक्टरांनी आता सांगितलं. ॲसिडिटीच्या गोळ्या खूप काळ घेणाऱ्यांचंही होतं. इंजेक्शनं सुरू झाली, आधी दिवसाआड, आता महिन्याला एक. आई आता दिवसा काठीशिवाय अंगणात जाते. पण पायांचा सुन्नपणा सगळा गेला नाही, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ह्या दुखण्यात जितका उशीर तितकं परत येणं कमी. त्या सहा आठवड्यांत किती गेलं हे मी कुणाला विचारत नाही.

त्यानंतर मी आणि मुलगी, ती सुट्टीला आली की, तिचं पुस्तक घेऊन बसतो आणि हे खांब शोधतो. मला त्याचा नादच लागलाय म्हणा. बांधकामात खांब म्हणजे एकच, वरचं ओझं घेऊन जमिनीत सोडणारा. डॉक्टरांच्या भाषेत तसं नाही, तिथं खांब नाव मिळायला कधी ओझं कारण असतं, कधी नुसता आकार, कधी नुसती उभी रांग, आणि नाव ऐकून तिन्हींतलं कुठलं ते कळत नाही. आमच्याकडेही बघा ना, तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या मंडपातले कोरीव खांब वरचं दगडी छत तोलून धरतात, आणि मंगेशीच्या देवळासमोरचा सात मजली दीपस्तंभ, त्याच्यावर दिव्यांशिवाय दुसरं काही नाही. दोन्हींना आपण स्तंभच म्हणतो, पण देवळात समोर दिसतं म्हणून घोटाळा होत नाही. रिपोर्टात दिसत नाही.

ओझं घेणारे खरे खांब शरीरात आहेतच. कणा तर आहेच, पण तोसुद्धा आमच्या कॉलमसारखा ओळंब्यात सरळ नाही. बाजूने बघितला तर वळणं घेत जातो, आणि मानेचं वळण बाळ डोकं सावरायला लागलं की पक्कं होतं, कमरेचं बसायला चालायला लागल्यावर येतं, हे मला माहीतच नव्हतं. जन्मताना तेहेतीस मणके, मोठेपणी खालचे जुळून माकडहाड नि त्याच्या वरचं त्रिकोणी हाड होतं, मधे तेवीस चकत्या, आणि दिवसभराच्या ओझ्याने त्या चकत्या इतक्या दबतात की संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा सेंटिमीटरभर बुटका असतो. आमचा कॉलम असा दबला तर काम बंद पाडतील. कमरेच्या खुब्याची वाटी आहे, तिला धरून पुढचा एक नि मागचा एक असे दोन हाडांचे कॉलम मानतात, उलटा वाय काढला की दिसतात, गाडीच्या अपघातात गुडघा समोर डॅशबोर्डवर आपटला की मार थेट तिथं पोचतो. आणि लहान मुलांच्या खुब्याचं एक दुखणं आहे, पर्थेस, त्यात मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त कमी पडून तो खचतो. तिथं डॉक्टर एक्सरेवर गोळ्याच्या बाहेरच्या भागाची उंची मोजतात, त्याला लॅटरल पिलर म्हणतात, उंची पूर्ण शाबूत, अर्ध्याहून जास्त शिल्लक की अर्ध्याहून कमी, त्यावरून पुढचं ठरवतात. हे मात्र मला एका वाक्यात कळलं, कारण सेटलमेंट झालेल्या, म्हणजे पाया खचलेल्या इमारतीत आम्ही हेच करतो.

आता दुसऱ्या जातीचे. टॉर्च लावून आरशासमोर आ केला तर घशात दोन्ही बाजूंना पडद्यासारख्या दोन-दोन घड्या दिसतात, त्यांच्यामधे टॉन्सिल बसतो. त्यांना टॉन्सिलचे पिलर म्हणतात, आतून स्नायू आहे, पण छत वगैरे धरलेलं नाही. दोन नाकपुड्यांच्या मधलं खालचं मऊ टोक, त्याला कॉल्युमेला म्हणतात, लॅटिनमध्ये कोलुम्ना म्हणजे खांब नि कोलुमेला म्हणजे छोटा खांब. हाच शब्द पक्ष्यांच्या नि बेडकाच्या कानातल्या हाडालासुद्धा आहे, आता बोला. मूत्रपिंडात मधे मधे पिरॅमिडसारखे भाग असतात, त्यांच्या फटींतून बाहेरच्या थराचा गर आत उतरतो, त्याला कॉलम ऑफ बर्टिन म्हणतात, बर्टिन हा अठराव्या शतकातला फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. आमच्या ओळखीच्या एका बाईंच्या सोनोग्राफीत 'प्रॉमिनंट कॉलम ऑफ बर्टिन' आलं, घरच्यांनी नेटवर टाकलं तर पहिल्यांदा गाठ, मास, असले शब्द पुढे आले. दोन दिवस घरात चूल पेटली नाही. डॉक्टरांनी सांगितलं हा जन्मापासूनचा ठेवणीतला फरक आहे, दुखणं नाही, फक्त कधी कधी गाठीसारखा दिसतो म्हणून खात्री करून घेतात.

कानातले खांब मला सगळ्यांत आवडले. आतल्या शंखाच्या नळीत पिलर नावाच्या पेशींच्या दोन ओळी असतात, आतली नि बाहेरची, त्या एकमेकींकडे कलून वर डोकं टेकवतात आणि मधे त्रिकोणी बोगदा राहतो. कोर्ती नावाच्या इटालियनने १८५१ साली हे लिहून ठेवलं म्हणून कोर्तीचा बोगदा म्हणतात. मुलीने वहीत काढून दाखवलं तर मी म्हटलं ही तर आमच्या जुन्या कौलारू घराची कैची.

आणि तिसरी जात पट्ट्यांची, रांगांची, आईच्या रिपोर्टातली. इथं एक गोष्ट मुलीने दाखवली ती संपादक साहेब मुद्दाम लिहितो. शरीराच्या भागांच्या नावांचा पूर्वी इतका गोंधळ होता की एकाच भागाला पाच-सहा नावं, म्हणून १८९५ साली बाझल शहरात शास्त्रज्ञांनी बसून सुमारे पन्नास हजार नावांतून पाच हजारांच्या आसपास ठेवली. त्यानंतर यादी सुधारत आली, १९९८ सालीही नवी निघाली. त्या यादीत आईचे बिघडलेले हे पट्टे कॉलम नाहीतच. लॅटिनमध्ये त्यांना फुनिक्युलस म्हटलंय, म्हणजे बारीक दोर. यादीतला कोलुम्ना पोस्टेरिअर म्हणजे मज्जारज्जूच्या आतल्या करड्या भागाचा मागचा हिस्सा, तो वेगळाच. पण डॉक्टरांच्या तोंडात डोर्सल कॉलम बसलाय, रिपोर्टात तोच येतो. म्हणजे मूळ नावात दोर आहे, आपल्या मज्जारज्जूतही रज्जू म्हणजे दोरच आहे, आणि मराठीत आणताना आपण त्याचा खांब केला नि खांबाचा कणा केला.

मराठीत तर स्तंभ शब्द वापरताना आणखी जपायला हवं. आयुर्वेदात मन्यास्तंभ म्हणजे मान आखडणे, ऊरुस्तंभ म्हणजे मांड्या जखडणे, तिथं स्तंभ हे दुखण्याचं नाव आहे. माणूस स्तंभित झाला म्हणतो तेच. आणि कण्याला जुना शब्द पृष्ठवंश, वंश म्हणजे बांबू. मी सव्वीस वर्षं बांबूची परांची बांधतोय, पेरापेरांचा असतो, पेर बळकट नि वाऱ्याला वाकतो, कण्याला ह्याहून चांगला शब्द कुठल्या भाषेत असेल मला वाटत नाही. आपल्याकडे असे शब्द असताना प्रत्येक कॉलमला स्तंभ हा एकच शिक्का मारण्याचं कारण काय? गोव्यात तर पोर्तुगीजही मधे आहे, कोलुना म्हटलं की जुनी माणसं कणाच समजतात, पिलार म्हणजे खांब, आपलं पिलार गाव पिलारच्या सायबिणीवरून, म्हणजे मेरी मातेवरून, आणि पोटाच्या वरच्या श्वासाच्या पडद्याला मागून कण्याला बांधणारे जे दोन पट्टे, त्यांनाही पोर्तुगीजमध्ये पिलारिश म्हणतात, इंग्लिश रिपोर्टात मात्र तेच क्रुरा होतात, म्हणजे पाय. एकाच घरात आजोबा, बाप, नात तीन भाषांत रिपोर्ट वाचणार.

म्हणून माझी विनंती आहे. तुमच्या आरोग्याच्या पानावर कॉलम, पिलर असा शब्द आला तर कृपया नुसता स्तंभ लिहून पुढे जाऊ नका. तो हाडाचा आहे की मांसाचा की तंतूंचा, कुठं आहे आणि काय करतो, एवढं एका ओळीत लिहा. डोर्सल कॉलमला 'मज्जारज्जूच्या मागच्या बाजूचे तंतूंचे पट्टे' म्हणा, लांब झालं तरी चालेल, वाचणारा बेल्ट तरी आणणार नाही. लेख छापण्याआधी एका डॉक्टरला दाखवा. पॅप स्मिअरच्या, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी तपासतात त्या रिपोर्टात 'कॉलम्नर सेल्स' लिहिलेलं वाचून घाबरलेल्या बाया मी बघितल्यात, त्यांना कुणीतरी सांगायला हवं की ती उभट आकाराची साधी पेशी आहे, शाळेच्या पुस्तकात स्तंभीय अभिस्तर म्हणून जी होती तीच, आणि ती तिथं दिसणं हे बिघाड नव्हे.

आणि वाचकांना एवढंच, पायांना मुंग्या नि डोळे मिटल्यावर तोल जाणं हे दोन्ही एकत्र दिसलं तर शुगरचं आहे म्हणून सोडू नका, बी-१२ तपासायला सांगा, आणि रिपोर्टातला शब्द माझ्यासारखा स्वतः सोडवू नका, डॉक्टर नसतील तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

मुलीने आणि मी मिळून रिपोर्टात येणाऱ्या अशा शब्दांची यादी केलीय, चाळीसएक झालेत, प्रत्येकासमोर साध्या मराठीत अर्थ. तिच्या मॅडमनी ती तपासून दिली आहे, तीन ठिकाणी आमची चूक होती ती दुरुस्त केली. आठवड्याला दोन-तीन शब्द छापायला जागा देणार असाल तर वही पाठवून देतो, नाव छापायची गरज नाही.

आपला,
एक वाचक,
ता. फोंडा, गोवा